धाकट्याचा स्टॅक

काही लोकांना कष्टच नको असतात, साहेब. दुसऱ्याने रक्त आटवून एखादी वस्तू उभी करायची आणि यांनी येऊन तिच्यातलं अर्धं सामान काढून टाकायचं, वर म्हणायचं — बघा, सोपं केलं. मी कुणाचं नाव घेत नाही. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ती धाकट्याने दुरुस्त केलीय. धाकटा म्हणजे माझा भाऊ, ज्याचा स्टॅक बघायला तुम्ही आलात. हो, माझाही बघायला आलात, फोनवर 'दोघांचेही' म्हणालात — पण नाव त्याचं आधी घेतलंत. येईलच तो. 'निघालोय' म्हणाला, म्हणजे अजून अंघोळ व्हायचीय. आणि कोपऱ्यात पेपरमागे आहेत ते आमचे बाबा. ते बोलायचे नाहीत, त्यांचं शब्दकोडं चालू आहे. पंखा? राहू दे की, उकडतंय.

हा माझा. हात लावा, पण कडेला. पाण्यात वीज सोडली की एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि मधे हा पडदा — कांद्याच्या पापुद्र्याएवढा नाजूक. आधी पत्रा, मग रबर, मग जाळी, पडदा, परत जाळी, परत रबर, परत पत्रा — हा झाला एक सेल. असे एकावर एक रचत जायचे, की झाला स्टॅक; वरखाली जाड पोलादी थाळ्या, चहूबाजूंनी बोल्ट, आणि ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, घाई केली की मेलं. रबर केसभर जरी सरकलं तरी दोन्ही वायू एकत्र, आणि मग तुम्ही-आम्हीही एकत्रच, वर. म्हणून मी जोडायला बसले की दार बंद, पंखा बंद — वाऱ्याने पडदा फडफडतो — आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. गेल्या खेपेला आमच्या जोडारी बाई शिंकल्या. मी काय बोलले आठवत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. माणसं टिकत नाहीत माझ्याकडे. ते असू दे.

आणि हा त्याचा. थांबा, अजून सुटाच आहे, खोक्यातून काढते. हे बघा — रबर पत्र्यावरच ओतून घेतलंय, वेगळं ठेवायला नकोच. पडदा चौकटीत आधीच बसवलेला. एक कोपरा छाटलेला, म्हणजे म्हणे उलटा बसणारच नाही. बोल्ट गायब, त्याजागी दोन पट्टे. ठोकळे आहेत हो, लहान मुलांचे. मी तुमच्यासमोर चुकीचा जोडून दाखवते, मग तुम्हीच ठरवा गावोगावच्या वर्कशॉपना कुठला द्यायचा. एकच निवडणार ना तुम्ही? एकच. हं. हा ठेवला खाली. त्यावर चौकट.

लहानपणापासून असाच. शर्टाची बटणं नेहमी वरखाली लावायचा, शाळेच्या दारात मी ती सोडवून नीट लावून द्यायची, रोज. शेवटी याने काय करावं? बटणाचे शर्टच घालायचं सोडलं. डोक्यातून अडकवायचे गंजीफ्रॉक, झालं. बुटाला नाडी नको, दप्तराला बक्कल नको. आणि आई सगळ्यांना सांगत सुटली, 'पोराचं डोकं बघा.' मी पाच वर्षं बटणं लावली त्याला कुणी डोकं म्हटलं नाही. हा पत्रा उलटा घालते — बसत नाही. बसेल. जोर लावला की... नाही. बरं, सरळ. आता चौकट उलटी — ही पण नाही का. असू दे.

कॉलेजात भाषण माझं होतं, साहेब. हायड्रोजन काही बड्या कंपन्यांची जहागीर नाही, तो गल्लीतल्या वर्कशॉपात, कुणाच्याही हातून झाला पाहिजे — कुणाच्याही, असं टेबलावर हात आपटून म्हटलं होतं मी, हा पहिल्या रांगेत चणे खात ऐकत होता. ही जागा मी शोधली, ही यंत्रं मी आणली, त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेसुद्धा मी शिकवलं. आणि मी इथे जोडाऱ्यांवर ओरडत असायची ना — रबर सरकलं, पडदा पालथा पडला, बोल्ट आधी आवळला — तेव्हा हा तिथे खिडकीत पाय हलवत बसलेला. मला वाटायचं, झोपा काढतोय. झोपा कसल्या. मी ज्या ज्या गोष्टीवरून ओरडले ती ती गोष्ट याच्या स्टॅकमधून गायब आहे. एकेक करून. माझंच ओरडणं ऐकून केलंय हे सगळं — पट्टा जरा धरा तिकडून, हं, ओढा — आणि काल आई फोनवर मावशीला सांगत होती, 'ताईचं अवघड होतं, त्याने सोपं केलं.' ताईचं अवघड. जसा काही मला तापच आला होता. मला एकदा तरी विचारायचं होतं ना त्याने. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, ते सोडा. पण विचारायचं.

खटका लागला वाटतं. एवढ्यात? खोक्यात बघा बरं काही राहिलंय का. नीट बघा, तळाशी.

काहीच नाही?

बरंय. हवा भरते, आता बघा कसा गळतो. गळणारच — मी कुठे बघितलंय काय कुठे ठेवलं ते, मी नुसती बडबडत होते, माझं सगळं लक्ष — हा दाबाचा काटा बघा. आता पडेल. थांबा थोडं. चिकटला असेल, एक टिचकी मारा. परत मारा.

...

काय बाबा? काही म्हणालात?

"म्हटलं, पंखा चालूच आहे, ताई. तुझा जोडताना मला पेपरचं पान उलटायचीसुद्धा चोरी असते."