अप्पांचा विलायती चाकू

निजामाच्या राज्यातली गोष्ट सांगतो. माझ्या चुलत्यांनी, अप्पांनी, सोलापुरातून विलायती घडीचा चाकू आणला. पातं नुसतं आरशावानी! आमच्या बेंबळी गावच्या महादू लोहारानं बी जुनी कानस ठोकून तसाच चाकू केला होता, पण काळाकुट्ट. अप्पा त्याला हसायचे.

एकदा मोट ओढताना आमचा बैल घसरून पडला. जुवाचा चामडी पट्टा गळ्याला आवळला, डोळे पांढरे झाले. अप्पांनी चाकू चालवला, तर पातंच वाकलं. महादू धावत आला. त्यानं आपला काळा चाकू एकदाच ओढला आन् पट्टा तुटला. बैल फुरफुरत उठला.

अप्पा बघतच राहिले. "हे कसलं लोखंड रं?"

"लोखंड न्हाय अप्पा, पोलाद हाय. पाणी कवा द्यायचं, म्हंजी तापलं पातं पाण्यात कवा बुडवायचं, ते त्याचा रंग सांगतो."

जन्मभर "ए महाद्या" म्हणणारे अप्पा हळूच म्हणाले, "महादबा, तुम्ही बसा जरा."