इथे काहीही बिघडत नाही

...नाही, मला आधी एक सांगा, माणसाने शिकवायला जायचंच कशाला? काम करून द्यावं, नमस्कार करावा, मोकळं व्हावं... पण आमच्या दादाला ते पटेल तर ना! दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, लोकांच्या वेबसाइट बनवतो, आणि मी त्याच्या ऑफिसात फोन उचलते. ऑफिस कसलं, एक खोली, दोन टेबलं आणि एक खिडकी, जी एकदा उघडली की बंद होत नाही. तर दादाचं म्हणणं असं, की ज्याची साइट त्याने सांभाळावी, एक फोटो बदलायला आपले पाय धरू नयेत. म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजारी बसवून शिकवतो, आणि आवाज कसा काढतो माहितेय? दाताच्या डॉक्टरसारखा मऊ. "अगदी सोपं आहे. इथे काहीही बिघडत नाही."

आता का बिघडत नाही, तेही ऐका. दादा प्रत्येक साइटच्या दोन प्रती ठेवतो. एक खरी, जगाला दिसते ती. दुसरी सरावाची, ती फक्त त्या गिऱ्हाइकाला दिसते, आणि तिच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी असते. तिथे हवं ते खरडा, पुसा, फोटो उलटे लावा, कुणाला पत्ता लागत नाही. हात बसला, की दादा खऱ्या प्रतीचा पासवर्ड देतो. हात बसला की! हे लक्षात ठेवा, कारण दादाच्या ते राहिलं नाही.

तर आले आमच्याकडे बाइंडर काका. जुनी पुस्तकं बांधून देणारे, सत्तरी ओलांडलेले, जवळ आले की पानं चिकटवायच्या खळीचा वास. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून मुलीने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. माउस असा धरायचे, की जरा सैल सोडला तर पळून जाईल. दादा म्हणाला, काका, वर पिवळी पट्टी दिसतेय ना? ती दिसतेय तोवर मुळीच घाबरायचं नाही, इथे काहीही बिघडत नाही. काकांनी ते मनावर घेतलं. पट्टी दिसतेय म्हणजे सगळं ठीक! आणि तुम्हीच सांगा, त्यांचं चुकलं काय यात?

झालं, काका घरी गेले आणि लिहायला लागले. दर आठवड्याला एक पुस्तक, ते कुठल्या अवस्थेत आलं, त्याला टाके कसे घातले... एका कवितेच्या पुस्तकात म्हणे वाळलेलं फूल निघालं, तर काकांनी सगळं पुस्तक उसवून, शिवून, फूल पुन्हा त्याच पानात ठेवून दिलं. असं लिहायचे! आणि लिहून झालं की फोन. "काका बोलतोय. आजचं लिहिलं बरं का. पट्टी आहे." आणि दादा? नजर स्क्रीनवर, लक्ष भलतीकडे, "छान, छान." असे महिने गेले हो. तो माणूस बंद खोलीत भाषण करत होता आणि आमचा दादा बाहेरून कडी लावून छान छान म्हणत होता.

आता मधेच माझं दुखणं सांगते, विषयाला धरूनच आहे. त्याच दिवसांत ऑफिसच्या फोनवर भलतेच फोन यायला लागले. एक आजोबा, खोकत खोकत, "शब्दकोश आहे... पाठ निसटलीय... बांधून मिळेल?" म्हटलं, चुकीचा नंबर. मग एका शाळेच्या बाई, त्यांच्या नकाशांच्या पुस्तकांच्या चिंध्या झालेल्या. चुकीचा नंबर! मग पुन्हा आजोबा. पुन्हा बाई. आणखी कोण कोण. तुम्हाला सांगते, माणूस किती सहन करणार? शेवटी मी सल्लाच द्यायला लागले, अहो, आजकाल कुणी पुस्तकं बांधत नाही, नवीन घ्या ना! आजोबा म्हणाले, "नवीन घेऊ म्हणता?" असं बारीक आवाजात. मी म्हटलं, हो. आणि फोन ठेवला. ठेवला काय, आपटला.

मग एके दिवशी काकांचा फोन. दादाने तो स्पीकरवर घेतला होता, म्हणून मीही ऐकला. काका म्हणाले, "साइट बंद करून टाका. इतकं लिहिलं, एक फोन आला नाही. लोकांना नको असेल तर आपण कशाला अडून बसायचं? शिकंजा उद्या भंगारवाला नेतोय." शिकंजा म्हणजे तो लोखंडी दाब, ज्यात पुस्तक घट्ट आवळतात. तो गेला की दुकान गेलं.

दादाने साइट उघडली. खरी. आणि तिथे काय? दुकानाचं नाव, खाली 'मजकूर इथे येईल', त्याखाली 'पत्ता इथे येईल', आणि सगळ्यात खाली एक फोन नंबर. दादाने कपाळावर हात मारला. म्हणाला, पासवर्ड द्यायचाच राहिला गं, काका सगळं सरावातच लिहीत बसले. मग म्हणाला, "पण हा नंबर कुणाचा?" आणि वाचून दाखवला.

"आपला," मी म्हटलं.

कारण पान रिकामं दिसू नये म्हणून दादा आधी आमचाच नंबर टाकून ठेवतो, मालकाने नंतर बदलायचा. म्हणजे गिऱ्हाइकं येत होती हो! माझ्याकडे येत होती, आणि मी त्यांना हाकलत होते. काका पुस्तकंच बांधतात, पण माझ्या चिडलेल्या डोक्यात ते एकदाही आलं नाही! दादाने डबा उघडला नाही. माझा उघडला होता, तो मी झाकून ठेवला. तो म्हणतो माझ्यामुळे, मी म्हणते, तू नुसता विसरलास, माणसं तर मी परतवली. कधी नव्हे ते आमचं भांडण असं, की दोष कुणी जास्त घ्यायचा!

गेलो दोघं दुकानात. शिकंजा दाराशी गोणपाटात गुंडाळून, दोरी बांधून तयार. दादाने खाली मान घालून सगळं सांगितलं. काका हात पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे फोन येत होते?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हो, शब्दकोशवाले आजोबा, शाळेच्या बाई, सगळे.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नवीन घ्या म्हटलं, काका."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते खाली बसले आणि शिकंज्याची दोरी सोडायला लागले. गाठ सुटेना, तर दादाही शेजारी बसला.

मग काय, दादाने काकांचं सगळं लिखाण खऱ्या साइटवर आणलं आणि मी फोनमधले जुने नंबर काढून एकेकाला उलट फोन केले. एक गृहस्थ म्हणाले, तुम्हीच सांगितलंत ना नवीन घ्या? घेतलं! आजोबांनी मात्र सांभाळून ठेवला होता शब्दकोश. माझ्या आवाजावरून ओळखलं हो त्यांनी, आणि तरी आले. बाई तर नकाशांचे गठ्ठे घेऊन आल्या. शिकंजा पुन्हा आपल्या जागी आहे.

आता काकांकडे खरा पासवर्ड आहे. पत्ता बदलला, फोटो बदलले, सगळं स्वतः. नंबर तेवढा तसाच. दादाने आठवण करून दिली, काका, तो आमचा आहे. काका म्हणाले, राहू दे, माझे हात खळीचे असतात, फोन कसा उचलू? आणि या ताईंना आता सवय आहे. मी तोंड उघडणार होते हो... पण काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हुबेहूब दादाचा आवाज काढला, "अगदी सोपं आहे, ताई. इथे काहीही बिघडत नाही."

आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

थांबा हं, वाजतोय... नमस्कार, पुस्तक बांधणीचं दुकान... हो, बोला... नाही नाही, अहो, नवीन अजिबात घेऊ नका!