शेवंताअक्काच्या बिबड्या आणि आमचा ड्रायर

माझं नाव केसरबाई. मूळ आम्ही एरंडोलकडचे, पण मी वाढले कापसात असंच म्हणा ना ताई, कारण मायनं मले झोळीत घालून जिनिंगमधी, कापसातली सरकी काढतात तिथं, नेलं आन पुढं लगीन झालं ते पण जिनवाल्याशीच. आता जळगावात राहून बोली अर्धी शहरी झाली, राग आला की मात्र अहिराणीच तोंडात येते, आन राग मले लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

तर जिनमधी आमचं काम काय, कापसातली पानं आन कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, निवडायचा, उडालेली रुई झाडून ढिगाले लावायची. आमचे मुकादम नाना सांगायचे, बायांनो, रुईची आग चोर असते, ती आत बसते, धूर मागून येतो, वास आधी येतो. एकदा मले तसा वास आला, करपट, दूध लागल्यासारखा. बाकीच्या हसल्या, म्हणे केसरबाईले भूक लागली. मी काही हटले नही, नानांनी ढीग फोडायले लावला तर आत काळं झालेलं व्हतं. पाणी मारलं, जिन वाचलं. तेव्हापासून नाना म्हणायचे, केसरबाईचं नाक बोललं की ढीग फोडा. मी काही लाजत नही सांगायले, खरं ते खरं.

मालक गेले, म्हणजे माझा नवरा हो, मग मुलानं, सुनीलनं, मले जळगावात आणलं. म्हणे आई, आता आराम कर. आराम काय करायचा असतो ते मले कोणी शिकवलंच नही ताई. पण सून मोठी हिकमती, रंजना तिचं नाव. आधी ती लोकांच्या घरी धुणी धुवायची, मग तिनं घराच्या पुढच्या खोलीत लाँड्री टाकली. एक कुटुंब गाव सोडून चाललं व्हतं, त्यांचा घरगुती ड्रायर तिनं उचलला. कपडे गरम हवेत फिरवून वाळवतो, आन ती दमट हवा मागच्या पाइपातून भिंतीच्या भोकानं बाहेर बोळीत जाते. नर्सेसच्या होस्टेलच्या चादरी आमच्याकडं यायले लागल्या. त्या ड्रायरवर रंजनाचा जीव. दाराजवळची जाळी ती दर खेपेले काढून साफ करायची, त्यात राखाडी लव यायची, गोधडीच्या कापसासारखी.

आन त्या उन्हाळ्यात अवकाळी ढग आले. आठ दिवस काही ऊन नही, अंधारलेलं. सगळ्यांचे कपडे ओले, रंजनाचा ड्रायर दिवसभर चालू. ढग गेले, पण तवर ड्रायरचं काहीतरी बिघडलं. चादरी दोन-दोनदा फिरवल्या तरी ओलसरच, मशीन मात्र हात लावू देईना इतकं तापायचं. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, चादरी वेळेवर नसतील तर आम्ही दुसरीकडं बघू. सुनील म्हणे हे जुनं धूड मेलं, रविवारी भंगारवाल्याले देऊन टाकू. रंजना भांडी आपटत राह्यली. मशीन गेलं तर होस्टेल गेलं, होस्टेल गेलं तर लाँड्री गेली, आन पोरगी परत दुसऱ्याच्या दारात. मले रातभर झोप नही.

शनिवारी दुपारी रंजना मशीनमधी चादरी घालून स्वैपाकाले आत गेली, आन मी पुढच्या खोलीत लसूण सोलत बसलेले. मले वास आला. तोच ताई, जिनमधला, दूध लागल्यासारखा. हातातला लसूण तसाच टाकला, बटन बंद केलं, प्लग उपटला, आन ओरडले. सुनील धावत आला, म्हणे आई काय झालं, मेलंच ना शेवटी? तेव्हा माझ्या तोंडातून निघालं ते अजून घरात सगळे म्हणून दाखवतात:

"मशीन मरेल नही शे रे, तेना गळा दाबेल शे." म्हणजे मशीन मेलेलं नही, त्याचा गळा दाबलाय.

रंजना म्हणे, आई, गार होऊ द्या, मग मागचं खोलू. बरोबर बोलली. गरम मशीनमधी हात घालणारी मी नव्हेच, पण घाईची आहे, तिनंच मले धरून ठेवलं. गार झाल्यावर मशीन भिंतीपासून पुढं सरकवलं, तिनं पाइपाचा पट्टा सैल केला, आन पाइप काढला तर काय सांगू, तोंडापर्यंत लव कोंबलेली, घोंगडीसारखी घट्ट, आन मशीनकडच्या टोकाले तांबूस पडलेली. तांबूस म्हणजे पुढचं पाऊल कोणतं ते मले सांगायले लागत नही. सुनीलनं तो पुंजका हातात घेऊन बघितला, आन माझ्याजवळ येऊन बसला.

पण जाळी रोज साफ होते तर एवढी लव अडली कशाले? मी बोळीत गेले. तिथं भिंतीच्या भोकावर शेवंताअक्काचं जुनं पांढरं पातळ, सुतळीनं छान आवळून बांधलेलं. शेवंताअक्का आमची शेजारीण, बोळीत तिचं मागचं दार. ढग आले तेव्हा तिच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आंबायले लागल्या; ओलं पीठ, ऊन नही तर कामातून गेलं. मग तिनं बघितलं की इथून फुकटची गरम हवा येते, तिनं खाट आणून लावली. बिबड्यांवर लव पडायले लागली म्हणून भोकावर पातळ बांधलं, गाळणीसारखं. बिबड्या वाळल्या, खाट नेली, पातळ विसरली. अशी अक्कल आमच्या खान्देशातच ताई. मी तिले बोलले, चांगलं बोलले, ती रडली. मग मले वाईट वाटलं, कारण तिच्या जागी मी असते तर मीपण खाट लावली असती.

साफ मीच केलं. तोंडाले फडकं बांधलं, बांबूच्या कामटीले बाटली धुवायचा ब्रश आवळला, आन लव बाहेर ओढली, आत ढकलली नही, आत ढकललेली तिथंच बसते. भिंतीतलं भोक बाहेरून साफ केलं, मशीनमागचा कोपरा पुसला. जुना पाइप पातळ, घड्याघड्यांचा, घडीत लव बसते, म्हणून टीनवाल्याकडून गुळगुळीत पत्र्याचा सरळ पाइप करून आणला, बाहेर हलकी झडप बसवली, हवा आली की उघडते, नही तर बंद. तिथं बाहेर जाळी नको, फडकं नको. चादरी एकाच खेपेत वाळल्या. रंजनानं कोरडी चादर माझ्या गालाले लावली, आन मी रडले, सांगते ना, रडले.

भंगारवाला रविवारी आला, सुनीलनं त्याले चहा पाजून परत धाडलं. आता पाइप खोलायचं काम माझं, दर अमावास्येले, त्या दिवशी गाडीवाले नारळ फोडतात, मी प्लग काढते. मशीन चालू असताना घर सोडून कोणी जायचं नही, हा माझा हुकूम आहे, सुनीलपण ऐकतो. शेवंताअक्का आता बिबड्या गच्चीवर घालते आन पहिली टोपली आमच्याकडं पाठवते.

रोज सकाळी कपडे घातले की रंजना हात बटनावर ठेवून मले विचारते, आई, लावू का? मी बोळीत जाते, झडप बोटानं उचलते, नाक जवळ नेते. मग इकडून ओरडते, लाव बाई, लाव. मुकादम नाना आज असते तर त्यांनाही ऐकू गेलं असतं. देव तुमच्या घरचंही बठ्ठं, सगळं, नीट ठेवो ताई, आन जाताना चार बिबड्या घेऊन जा, उन्हात वाळलेल्या आहेत.