सतरा दिवसांचा गुरुवार

(कराडजवळचं गाव. गुरुवारची दुपार. सुपारी फोडायला वडूजहून येणारे पाहुणे अजून आलेले नाहीत.)

हंबीरराव : माझा फोन आण. सोयरीक मोडली म्हणून सांगतो नवऱ्या मुलाच्या बापाला, आप्पासोला. भावकी फेटं बांधून बसलीया, दीडशे पोळ्या लाटून झाल्या, आन् ह्यांचा पत्त्या न्हाई! बावीस वर्सं फौजेत काढली मी. शब्द न पाळणाऱ्याच्या घरात माझी लेक जाणार न्हाई.

अंकिता : थांबा आबा. चूक त्यांची न्हाई, माझी हाय.

हंबीरराव : तुजी?

अंकिता : सोमवारी तुमी रानात हुता, तवा त्यांचा फोन मीच घेतला. ‘आजपासनं सतरा दिवसांनी येतो’ म्हणाले. मी कंप्युटरवर सोमवारात सतरा मिळवलं. गुरुवार आला. मला वाटलं, हाच.

हंबीरराव : अगं, भिंतीवर कॅलेंडर टांगलंय की!

अंकिता : आमचं गणिताचं सॉफ्टवेअर उघडंच हुतं. त्यातला वारांचा भाग आमीच केलाय. म्हटलं, चालतंय का बघू.

हंबीरराव : आन् न्हाई चाललं.

अंकिता : बिनचूक चाललं! वारांच्या घरात सातच जणं. बाहेरचा आकडा आला की त्याला आपोआप त्या घरचा करून घेतं. सतरा आत गेलं, दोन आठवडं गळलं, तीन उरलं. वार बरोबर, पण कुठल्या आठवड्यातला ते गेलं.

हंबीरराव : आकड्याला इचारलं तरी का?

अंकिता : इचारत न्हाई.

हंबीरराव : मग सासरच म्हण की ते!

अंकिता : चेष्टा नको, आबा. फोन लावू नका. मला जयराजशीच लगीन करायचंय.

हंबीरराव : आन् भावकीला काय सांगू? एमेस्सी झालेल्या पोरीला सतरा मोजता येईना? ...फाटकाशी कोण उभं हाय गं, पेढ्यांचा पुडा घिऊन?

अंकिता : अगंबाई! जयराज!

जयराज : नमस्कार करतो, आबा. उशीर झाला. घरची म्हणत्यात, अजून दोन आठवडं हाईत. कुणी हलंना, म्हणून एकटाच यष्टीनं आलो.

हंबीरराव : आजच म्हणून तुला कुणी सांगितलं?

जयराज : सॉफ्टवेअरनं. सतरा दिवस मीबी त्यातच मोजलं. वारांचा भाग आमी दोघांनी मिळून केलाय न्हवं.

हंबीरराव : आन् सगळं घर न्हाई म्हणत असताना निघालास?

जयराज : गुरुवारचा शब्द गेला हुता, आबा. तुमी वाट बघत बसला असता.

हंबीरराव : ...अंकिता, फोन ठिव. भावकीला सांग, पाहुणं आलं. पानं वाढा.