तेरा दिवस मागे

रादिसाव आजोबांचं इंटरनेट दुरुस्त झालं. पण ते झालंच नाही असं धरून चालू. सर्बियातल्या वाल्येवो गावच्या इंटरनेट ऑफिसच्या रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ओग्न्येन नावाच्या गिऱ्हाइकानेही तसंच धरलं. आजोबा खिडकीतल्या मुलीला सांगत होते :

“पोरी, या लॅपटॉपवर बातम्या उघडतात, व्हिएन्नाच्या बसची साइट नाही. रविवारी तिथे नातवाचा बाप्तिस्मा आहे, तिकीट काढायचंय!”

“आजोबा, यातली तारीख तेरा दिवस मागे आहे. त्या साइटने परवाच आपला सुरक्षेचा परवाना नवा केला. तुमच्या तारखेला तो निघालेलाच नाही, म्हणून लॅपटॉप साइट उघडत नाही.”

“तारीख आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाची आहे. ते तेरा दिवस मागेच चालतं.”

“यात अजून डिसेंबर होता, मी आजची जानेवारीची तारीख टाकली. बघा, उघडली!”

“म्हणजे माझा पंचवीस डिसेंबरचा नाताळ होऊनही गेला? कर मागे!”

“आणि बाप्तिस्मा?”

“अर्ज दे.”

आजोबांनी जोर देऊन लिहिलं : ‘तरी संपूर्ण इंटरनेट, बससकट, तेरा दिवस मागे घ्यावे, ही नम्र विनंती.’