रिकामा दगड

नाना : पुनम, दगड रिकामा फिरी ऱ्हायना. त्या चक्कीवाल्याले जाईसन सांग.

पुनम : हळू बोला, नाना. अडीचशे वर्षांची डच पवनचक्की आहे ही. आपली दोंडाईच्याची गिरणी नाही.

नाना : अडीचशे ऱ्हावो का अडीच, दगड तो दगडच. आवाज ऐक. पोटात दाणा असला की तो घोगरा बोलस. आते किरकिरी ऱ्हायना.

पुनम : सगळी चक्की लाकडाची आहे. करकरणारच.

नाना : लाकूड तठे वर करकरस. हाऊ दगड शे. वारा वाढना, पाती जोरात फिरी ऱ्हायनी, पेटीतलं धान्य सरनं.

पुनम : धान्य सरलं की घंटी वाजते. आत्ताच सांगितलं त्यांनी.

नाना : वाजनी का?

पुनम : ...नाही.

नाना : दगडाले दगड घासाना तं ठिणगी पडस. खाले बठ्ठं पीठ, वर बठ्ठं लाकूड, आन् जिना एकच. सज्जावर पंधरा माणसं शेतस. मी मोजेल शेतस.

पुनम : ते चाळीस वर्षं ही चक्की चालवतात. माझ्या सरांचे सासरे आहेत. तुम्हाला कसं कळलं विचारलं, तर काय सांगू?

नाना : गिरणीवाला शे म्हन. ...का? सरले काय सांगेल शे तू?

पुनम : धान्याचे व्यापारी.

नाना : अस्सं. म्हणीसन सकाळी सरनी बायकोनी हातावरले काळे ठिपके इचारात, तवय तू म्हने, नाना, हात खिशात घाला. दगडाले टाकी मारता मारता उडीसन कातडीत रुतेल पोलाद शे ते. चोरी नही.

पुनम : नाना, हा जळका वास...

नाना : मघापासून शे. ल्हानपनी गिरणीत अभ्यास करे तू. तुले बी माहीत शे तो.

(पुनम खाली धावते. थोड्या वेळानं दगडाचा आवाज थांबतो. ती परत येते.)

नाना : काय म्हने?

पुनम : घंटीची दोरी तुटलीय. झाकण काढून त्यांनी दगडाला बोट लावलं, तर चटका बसला. कुणाच्या लक्षात आलं, विचारत होते.

नाना : मंग?

पुनम : माझ्या वडलांच्या, म्हटलं. गिरणी चालवतात. दगडाला टाकी स्वतः मारतात.

नाना : हासना व्हई.

पुनम : नाही. बाही वर सारली आणि हात पुढे केला. तसेच ठिपके आहेत, नाना. मनगटापर्यंत.

नाना : म्हंजे तो बी सोता टाकी मारस.

पुनम : वर येतायत ते. खिशातून हात काढा.