एमसी पापीचे वडील

बहीण : मुलांची खुर्ची उचल आधी, मग बोल. लहान आहे म्हणून पायाने ढकलायची नाही. मुलं तेच शिकतात.

रॅपर : उचलतो गं. पण ऐक ना ताई, दोन मिनिटांचं काम आहे. शेवटचं गाणं सुरू असताना बाबा स्टेजवर येतात, गुडघे टेकतात, मी त्यांना उठवून मिठी मारतो. खल्लास. अख्खं मैदान रडेल.

बहीण : गुडघे कशासाठी टेकायचे त्यांनी?

रॅपर : क्षमेसाठी. मी त्यांना माफ करतो.

बहीण : काय केलंय त्यांनी?

रॅपर : गाण्यात आहे ना सगळं.

बहीण : हो, गाण्यात आहे. दारू पिऊन आईला मारायचे, तुला पट्ट्याने फोडून काढायचे. मग तू घर सोडून गुंडांच्यात गेलास आणि तुरुंगात तुला प्रभू भेटला. तुरुंग कधी पाहिलास रे तू?

रॅपर : बाहेरून.

बहीण : तोही बाबांच्या व्हॅनच्या खिडकीतून, शाळेत जाताना. डबा मांडीवर घेऊन.

रॅपर : ती कला असते ताई. तुला नाही कळायचं. चौथीच्या पुढचं तू कधी शिकवलंयस?

बहीण : आपल्या बापाबद्दल काय बोलावं, ते चौथीतल्या पोराला कळतं. रविवारच्या शाळेत तू याच खिडकीशी बसायचास. बोटांनी बाक वाजवत बायबलमधली वचनं म्हणायचास. मला वाटायचं, या पोराचं काहीतरी होणार. झालं. एमसी पापी. जन्मात एक खोडरबर चोरलंस, तेही रडत रडत परत नेऊन दिलंस, आणि नाव काय, तर पापी.

रॅपर : हस तू. आधी खरीच गाणी केली होती मी. चांगल्या घरातला मुलगा देवाचे आभार मानतो. ऐकली कुणी? तूसुद्धा मध्येच बंद केलीस. मग चर्चच्या युवक मेळाव्यात एक जण प्रभूने आपल्याला कसं बदललं त्याची साक्ष द्यायला आला, तुरुंगातून सुटलेला. त्याला धड बोलता येत नव्हतं, पण लोक उठून उभे राहिले. मॅनेजर मला म्हणाला, तुझं तारण कशातून झालं, प्रभूने तुला कशातून बाहेर काढलं ते सांग. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

बहीण : म्हणून बापाला बाजारात बसवलंस.

रॅपर : माझी गाणी ऐकून पोरं बाटली सोडतात. तुझ्या या बुटक्या खुर्च्यांनी कुणाला सोडवलंय?

बहीण : कुणाला चुकलेलं कळत नसेल, तर मी पुन्हा शिकवते. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात घर सोडून डुकरं राखायला कोण जातं?

रॅपर : मी काय पाच वर्षांचा आहे?

बहीण : पाच वर्षांची मुलं उत्तर देतात.

रॅपर : मुलगा.

बहीण : आणि वाट कोण बघतं?

रॅपर : बाप.

बहीण : तू तो दाखलाच उलटा टांगलास. बापाला धाडलंस डुकरांत, आणि स्वतः दारात उभा राहिलास, गळ्यात साखळी घालून.

रॅपर : बाबांना काय फरक पडतो? ते असली गाणी ऐकतच नाहीत.

बहीण : मुलांचे आईबाप ऐकतात. बाबा दर रविवारी मुलांना इथे आणतात, पण आज व्हॅनमधून एकही मूल आलं नाही. सगळ्यांना घरच्यांनी आणून सोडलं. दारुड्याच्या हाती पोरं कोण देईल? बाबा मात्र प्रत्येक थांब्यावर थांबून आले. रिकामी व्हॅन घेऊन.

रॅपर : मला कुणी सांगितलं नाही.

बहीण : तू कधी विचारलंस?

(वडील व्हॅनची किल्ली हातात घेऊन आत येतात.)

वडील : दारातून ऐकलं मी. येतो मी स्टेजवर.

बहीण : बाबा, काहीतरीच काय बोलताय?

वडील : एवढ्या लांबून सांगायला आलाय तो. फक्त मला शिकव रे. दारू पिणारा माणूस उभा कसा राहतो?

रॅपर : म्हणजे... जरा झोकांड्या खात.

वडील : असा?

रॅपर : नाही, एवढं नको.

वडील : हात थरथरतात का त्याचे?

रॅपर : थरथरत असतील.

वडील : असतील? गाण्यात तर म्हणतोस, रोज बघत होतो. बरं, पट्टा कुठल्या हातात धरायचो मी? कुणी विचारलं, तर दोघांचं उत्तर एक यायला हवं.

रॅपर : बाबा, पुरे.

वडील : नीट व्हायला नको का? लोक तिकीट काढून येणार.

रॅपर : तुम्ही नका येऊ.

बहीण : म्हणजे गाणं बदलणार?

रॅपर : पोस्टर लागलीत ताई. बापलेकाची भेट, असं छापलंय. मॅनेजर म्हणत होता, बाबांच्या वयाचा एक नट आहे. दाढी वाढवली की चालून जाईल.

बहीण : लाज कोळून प्यायलास रे तू. तेवढंच काय ते तुझं पिणं.

वडील : थांब गं. माणूस कसा आहे तो नट?

रॅपर : चांगला आहे.

वडील : घरदार?

रॅपर : असेल.

वडील : मग मुलंही असतील. त्यांना आधी विचारून घे.